कमळमुखी देवी आणि कुशावर्तावरचे साधू

२०१५ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर नागा साधूंचे शाहीस्नान पाहताना शेजारच्या एका आजीबाईंनी मान खाली न घालता हात जोडले, ते दृश्य माझ्या मनातून जात नाही. एरवी असा देह समोर आला असता तर त्यांनी तोंडावर पदर घेतला असता. तिथे मात्र अंगावर भस्म होते आणि पर्वकाळ होता. साधूचे नग्नत्व ही संसार सुटल्याची खूण असते, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मांगीतुंगीची १०८ फूट उंच ऋषभदेवांची दिगंबर मूर्तीही तेच सांगते.

प्राचीन कथांमधल्या स्त्रिया मात्र रुसलेल्या देवतेला जगात परत आणण्यासाठी देह उघडा करतात. इसवी सन ७१२ मधल्या जपानी ‘कोजिकी’त भावाच्या उच्छादाने व्यथित झालेली सूर्यदेवी अमातेरासू गुहेत जाऊन बसते आणि सृष्टीत अंधार पसरतो. तेव्हा उझुमे ही देवी पालथ्या घातलेल्या पिंपावर पाय आपटत नाचते, छाती उघडी करते, कमरेचे वस्त्र खाली सरकवते. जमलेले देव खदखदून हसतात, आणि इतक्या अंधारात हे हसतात कशाला, म्हणून अमातेरासू गुहेचे दार किलकिले करते. अपमानाने रुसून पडून राहिलेल्या इजिप्तच्या सूर्यदेवालाही त्याची कन्या हाथोर असेच हसवते. ग्रीक कथेत लेकीच्या शोकाने अन्नपाणी सोडलेल्या धान्यदेवता डिमिटरला बाउबो ही स्त्री हसवते. डिमिटरच्या जुन्या स्तोत्रात ते काम इआम्बे ही दासी नुसत्या थट्टेने करते, तर बाउबोचे देहदर्शन आपल्यापर्यंत पोहोचते ते मुख्यतः त्याची निंदा करणाऱ्या ख्रिस्ती लेखकांमुळे.

या कथा वाचताना मला आपली लज्जागौरी आठवते. तेर, भोकरदन येथे सापडलेल्या तिच्या लहानशा प्रतिमांत मस्तकाच्या जागी कमळ असते आणि पाय प्रसूतीच्या वेळेसारखे फाकलेले असतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पृथ्वी ‘उत्तानपद्’ म्हणजे पाय पसरलेल्या मातेपासून जन्मली असे म्हटले आहे, ते या प्रतिमांकडे पाहताना डोळ्यांपुढे उभे राहते. तिच्या नावात ‘लज्जा’ यावी, याचे मला वाईट वाटते. लाज चेहऱ्यावर उमटते आणि हिला तर चेहराच नाही. ऐहोळेजवळच्या सिद्धनकोळ्ळ येथे मूल मागायला आलेल्या स्त्रिया आजही तिच्यासमोर, त्या आजीबाईंसारख्याच, हात जोडून उभ्या राहतात.