आमच्या संसदेत आयबीचं बिल आलं तेव्हा

मी राज्यशास्त्र शिकवतो, बेळगावात. कॉलेजचं नाव राहू दे. दरवर्षी बीएच्या पोरांची युवा संसद बसवायचं काम माझ्या गळ्यात असतं आणि विषय ठरलेलेच, प्लास्टिकबंदी, मोबाईलचा वापर, एक देश एक निवडणूक, मग सगळे मिळून ठराव पास करतात, बाकं वाजवतात आणि उप्पीट खाऊन घरी जातात. 2023 ला मात्र थर्ड इयरच्या एका पोरीनं खासगी विधेयकच, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडायचं विधेयक, आणायचं म्हणून हट्ट धरला. खानापूरच्या पलीकडनं बसनं यायची ती, आधी अधनंमधनं, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत पोरींना तिकीट लागेना झालं तशी रोज यायला लागली आणि तेव्हापासनं प्रश्न विचारून नुसतं भंडावून सोडलेलं.

तिचं विधेयक काय तर आयबी, रॉ वगैरे गुप्तचर संस्थांवर देखरेख ठेवणारी खासदारांची समिती. कुठनं सुचलं म्हटलं तर म्हणते तुम्हीच वर्गात सांगितलेलं की सर. सांगितलेलं, खरंय. 2011 च्या ऑगस्टमध्ये मनीष तिवारींनी लोकसभेत असंच खासगी विधेयक मांडलेलं. आयबी 1887 पासनंची, रॉ 1968 ची, पण त्यांची स्थापना करणारा, त्यांचे अधिकार आणि मर्यादा ठरवणारा संसदेचा कायदाच नाही. दहशतवादाचा तपास करणाऱ्या एनआयएला आहे, 2008 चा, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर तीन आठवड्यांत दोन्ही सभागृहांत पास झालेला. तिवारींच्या विधेयकाचं काय झालं? काही नाही. ते स्वतः काँग्रेसचे, सरकार काँग्रेसचं, आणि पुढच्या वर्षी तर ते मंत्रीच झाले. म्हणजे भाजप काँग्रेस असा काही भेद यात नाही बघा, खुर्चीवर बसलं की कुणालाच हे नको असतं.

खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारी घेतात म्हणून आम्ही पण शुक्रवारच धरला, 15 डिसेंबर. आणि बुधवारी 13 तारखेला, म्हणजे 2001 च्या संसद हल्ल्याच्या वर्षदिनालाच, दोघांनी प्रेक्षक गॅलरीतनं लोकसभेत उड्या मारल्या आणि पिवळा धूर सोडला. त्यातला एक म्हैसूरचा, पास म्हैसूरच्या खासदारांच्या नावावर. इकडं बेळगावात त्याच आठवड्यात हलग्याच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चाललेलं, हलग्याकडं जाईल तिकडं पोलीसच पोलीस. संध्याकाळी प्रिन्सिपॉलांचा फोन. "सर, आत्ताच पाहिजे काय हे? प्लास्टिकचा विषय घ्या की." मी पोरांना विचारतो म्हटलं आणि ग्रुपवर टाकलं. उत्तर यायला दोन मिनिटं पण लागली नाहीत, सगळ्यात आधी आमच्या युवा संसदेत गृहमंत्री झालेल्या पोराचाच मेसेज, सर मी पाठ केलंय आता बदलू नका.

शुक्रवारी हॉलमध्ये शिरलो तर शेवटच्या बाकावर एक गृहस्थ. चौकड्यांचा शर्ट, मांडीवर एलआयसीची डायरी, पायात तपकिरी पोलिसी बूट. आमच्याकडं सीमावादामुळं मराठी कार्यक्रम म्हटला की असं कुणीतरी येऊन बसतंच, 1 नोव्हेंबरचा काळा दिन असू दे नाहीतर साहित्य संमेलन, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. जवळ जाऊन नमस्कार केला. ते उठून म्हणाले, "एसबीतनं, पोलिसांच्या स्पेशल ब्रँचमधनं आलोय सर, तुमचं चालू दे. फक्त विषय काय ते जरा सांगा, वर सांगायला पाहिजे." आता याला काय सांगायचं? गुप्तचर खात्यावर देखरेख, म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, डायरीकडं बघितलं आणि म्हणाले, "होय काय. बरं."

गृहमंत्री येळ्ळूरचा, काकाचं जाकीट घालून आलेला, खांदे कोपरापर्यंत लोंबत होते, पण तयारी जोरात होती. 1993 पासनं संसदेच्या खात्यावार स्थायी समित्या आहेत, गृह समितीत 31 खासदार, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10, पठाणकोटच्या हल्ल्यानंतर 2016 ला याच समितीनं सरकारला विचारलेलं की इशारा आधी मिळालेला असताना अतिरेकी हवाई तळात घुसले कसे, मग आता अजून कसली समिती पाहिजे तुम्हाला? बाकं वाजली. पोरगी उठली. "विचारलं, पण समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक आहेत काय? आणि लोकसभेचा नियम 270 मंत्रिमहोदयांनी वाचलाय काय?" या नियमात समितीला कागदपत्रं मागवायचा अधिकार आहे, पण देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा येईल असं वाटलं तर सरकार कागद द्यायला नकार देऊ शकतं. माझ्या मते सगळी गाडी इथंच अडकते. गुप्तचर संस्थेचा कुठला कागद यात बसणार नाही?

मग ती फोन टॅपिंगवर आली. याच राज्यात 1988 ला त्या आरोपांवरनं रामकृष्ण हेगडेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, तिथनं सुरुवात. केंद्रात फोन ऐकायची ऑर्डर गृह सचिव देतात. ती ऑर्डर बरोबर होती का हे कोण बघतं? कॅबिनेट सचिवांची समिती, सोबत कायदा सचिव आणि टेलिकॉम सचिव. "अध्यक्ष महोदय, सचिवांचं काम सचिवच तपासणार, यात लोकांनी निवडून दिलेला एक तरी माणूस आहे काय?" गृहमंत्री म्हणाले, राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव ही माहिती सभागृहात देता येत नाही. हे वाक्य त्याला फार आवडलेलं, तालमीत जेवायला कधी सोडणार विचारलं तरी हेच म्हणायचा, त्यामुळं सगळा हॉल हसला. ती हसली नाही. "मी माहिती मागतच नाही. माहिती संसदेतल्या कुणाला देता तेवढं नाव सांगा."

पोरगं गप्प. माझ्याकडं बघतंय. मी तयार करून दिलेल्या कागदात याचं उत्तर नव्हतं कारण उत्तरच नाहीये, इतकी वर्षं शिकवतोय पण ते असं समोर उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मागच्या बाकावर पेन पण थांबलेलं.

गृहमंत्र्याला वाचवलं ते सत्ताधारी बाकावरच्या एनसीसीवाल्या पोरानं, वडील मराठा लाईट इन्फंट्रीत होते त्याचे. म्हणाला, "खासदार गप्प बसतील काय? सकाळी समितीत ऐकतील, रात्री टीव्हीवर बोलतील आणि तिकडं काश्मीरमध्ये आमच्या घरातला माणूस मरेल." त्या दिवसातला सगळ्यात दमदार मुद्दा हाच, आणि याला टाळून कुणी या विषयावर बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पोरीनं इंग्लंड काढलं, तिथं 1994 पासनं नऊ जणांची समिती आहे, दोन्ही सभागृहांतली, बंद दाराआड बसते, गुप्ततेचा कायदा सदस्यांना पण लागू, अहवालातला मजकूर पंतप्रधान गाळायला लावू शकतात, आणि एवढं असून पण गुप्तचर प्रमुख येऊन उत्तरं देतात. पोरगं म्हणालं ते इंग्लंड, हे आपलं. दोघं पण आपापल्या जागी बरोबर होते.

शेवटी गृहमंत्र्यानं खऱ्या मंत्र्यांसारखंच केलं, सदस्यांच्या भावनेशी सहमत आहे, सरकार विचार करेल, विधेयक मागं घ्यावं ही विनंती. संसदेत बहुतेक वेळा इथं खासदार मागं घेतात. 1970 नंतर एक पण खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालेलं नाही हे तिला माहीत होतं, तरी म्हणाली, नाही घेत, मतदान घ्या. घेतलं. पडलं. (पुढच्या आठवड्यात खऱ्या संसदेत धुराच्या घटनेवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून गोंधळ घालणारे खासदार निलंबित होत होत आकडा 146 वर गेला, आणि विरोधकांच्या तशा बऱ्याचशा रिकाम्या बाकांसमोर फोन ऐकायच्या अधिकाराचं कलम असलेलं टेलिकॉम विधेयक आणि दहशतवादी कृत्याची व्याख्या असलेली भारतीय न्याय संहिता, दोन्ही पास झाली. आमचा येळ्ळूरचा गडी वर्गात म्हणाला, सर, मी निदान उभा तरी राहिलो.)

उप्पीट खाताना एसबीचे साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मराठी बेळगावचंच, डायरीत मात्र सगळं कानडीत, भाषण मराठीत ऐकून तसंच्या तसं कानडीत उतरवत होते आणि स्पीड बघून मी गारच झालो. मी म्हटलं, हे पुढं कुठं जातं हो? म्हणाले, "मी लिहितो, साहेब सही करतात, वर जातं." वर म्हणजे? "वर म्हणजे वर की सर. परत कधी खाली आलेलं मी तरी बघितलं नाही. कितीतरी वर्षं झाली, ते चूक लिहिलंस, हे बरोबर लिहिलंस, कोण सुद्धा विचारलं नाही." तक्रार म्हणून नाही हं, पाऊस पडत नाही म्हणावं तसं सांगत होते. मग हळूच म्हणाले, त्या बिलाची झेरॉक्स मिळेल काय, कलमं लिहायची राहिली. दिली काढून.

एवढ्यात ती पोरगी हातात प्लेट घेऊन आली. "काका, यात आमची नावं पण जाणार काय?"

"जाणार की. भाग घेतलेल्यांची नावं लागतात."

"मग दाखवा की जरा."

मी आता हे काय बोलतील म्हणून बघत राहिलो, तर त्यांनी खरंच डायरी तिच्यापुढं धरली. कानडी तिला मस्त येतं, बसच्या पाट्या वाचूनच शिकलीय म्हणते. बोट ठेवून ओळीनं वाचत गेली, गृहमंत्री, अध्यक्ष, एनसीसीवाला, आणि स्वतःच्या नावापाशी थांबली. आडनाव चुकलेलं. आधारकार्डावर पण तेच चुकलंय, स्कॉलरशिपला त्याच्यामुळंच दोनदा अडलं, म्हणाली, आता तुमच्याकडं तरी बरोबर राहू दे, आणि त्यांचंच पेन घेऊन त्यांच्याच डायरीत खोडून नीट लिहून दिलं.