किळस नाही येत?

मी पाळीत पॅडऐवजी कप, म्हणजे आत बसवून रक्त साठवायचा छोटा पेला, वापरते हे कळलं की लेडीज डब्यात असो, ऑफिसात असो, भिशीत असो, प्रश्न ठरलेला: "ईऽऽ, किळस नाही येत? पॅड काय वाईट आहेत?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आमची सोसायटी भांडुपला. एका रविवारी सकाळी डबे ठेवतो त्या शेडजवळून जाताना आमच्या कचरा वेचणाऱ्या मावशी दिसल्या. सुक्या कचऱ्याच्या ढिगाशी उकिडव्या बसून एकेक पुडकं उघडत होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर काळी पिशवी, पिशवीला गाठ. गाठ सुटेना म्हणून त्यांनी पिशवी फाडली आणि आतलं वापरलेलं पॅड बोटांना लागलं. मी म्हटलं, "मावशी, उघडता कशाला?"

"वरून काय कळतंय ताई? कधी बाटली असते, कधी डबी. बघायला लागतं."

हात एका चिंधीला पुसून त्यांनी पुढचं पुडकं घेतलं. तसंच पुडकं मी आदल्या रात्री टाकलं होतं. घट्ट गुंडाळलं की आपलं काम झालं, असं इतकी वर्षं मी धरून चालले होते.

घरी येऊन हिशेब केला. महिन्याला बारा पॅड, वर्षाला १४४, पंचवीस वर्षांत ३६००. एकटीचे. त्यांचा खालचा थर प्लास्टिकचा, वरची मऊ जाळी बहुतेक वेळा प्लास्टिकचीच, मध्ये ओल धरून ठेवणारी जेल. हे कुजत नाही, आणि कमी आचेवर जाळलं तर विषारी धूर होतो. मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरच्या डम्पिंगला जातो. वारा फिरला की रात्री तिथला वास आमच्याच खिडकीत येतो.

आई म्हणाली, "मग आमच्या कापडाच्या घड्या काय वाईट होत्या?" लालबागच्या चाळीत ती आणि मावश्या घड्या वापरायच्या, धुवून दोरीवर परकराखाली लपवून वाळवायच्या. उन्हाशिवाय वाळलेलं कापड अंगाला लावलं की खाज, पुरळ आलंच. आताची कापडी पॅड चांगली शिवलेली असतात, पण त्यांनाही ऊन लागतंच. जुलैत आमच्या घरात टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाही. म्हणून मी कप घेतला. चारपाचशे रुपयांत येतो, मेडिकल सिलिकॉनचा असतो, नीट जपला तर दहा वर्षांपर्यंत चालतो.

पहिले दोन महिने वाईट गेले, खोटं सांगणार नाही. घडी घालून आत सरकवायचा, तो उघडलाय का ते बोट फिरवून बघायचं. एकदा नीट उघडला नाही आणि दादरच्या पुलावरच डाग पडला. तिसऱ्या महिन्यापासून हाताला सवय झाली. सकाळी निघताना रिकामा करते, संध्याकाळी घरी आल्यावर. बारा तासांच्या आत केला की झालं. स्टेशनच्या संडासात पॅड बदलायची वेळच येत नाही. कामावर जाणाऱ्या बाईला हे सुख केवढं आहे ते कळेल. पाळी संपली की पाच मिनिटं उकळते. त्यासाठी वेगळं छोटं पातेलं ठेवलंय. तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, कप काढताना ती ओढली जाऊ शकते.

केळीच्या धाग्याच्या पॅडबद्दलही विचारतात. चांगली आहेत, पण पाकिटावर नीट वाचा, खालचा थर प्लास्टिकचा नाही ना. आणि ती कुजायला कंपोस्ट लागतं. काळ्या पिशवीत बांधून डम्पिंगला गेली तर उपयोग नाही.

सगळ्यांनी कपच घ्यावा असं मी म्हणत नाही. चाळीत संडास सामायिक, पाणी सकाळी तासभर. तिथल्या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू? पॅड वापरत असाल तर एवढं करा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅडबरोबर ते टाकायची पिशवी देण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली. पिशवी मिळाली नाही तर दुकानात मागा, कंपनीला लिहा.

माझी मुलगी चौदाची आहे, ती पॅडच वापरते. तिला कप नको वाटतो, मी आग्रह करत नाही. पण घरातून जाणाऱ्या पुडक्यावर ती लाल स्केचपेनने मोठा ठिपका काढते आणि ते वेगळं ठेवते. मजल्यावरच्या चार घरांनी आता तेच सुरू केलंय. ठिपका दिसला की मावशी ते पुडकं उघडत नाहीत, सरळ बाजूला ठेवतात.