ज्यांचा एकही फोटो नाही

माझ्याकडे व्यक्तिचित्र काढून घ्यायला येणारी माणसे सोबत काही ना काही आणतात. कुणाजवळ लग्नाच्या गर्दीत अर्धामुर्धा आलेला चेहरा असतो, कुणाजवळ आधार कार्डाची झेरॉक्स, तर कुणाजवळ मोबाइलमध्ये जपून ठेवलेला एखादा धूसर फोटो. मी निवृत्त झाले त्या वर्षी किल्लारीच्या बाजूच्या एका पुनर्वसित गावातून औशाला माझ्या घरी आलेल्या बाईंनी मात्र काहीच आणलेले नव्हते. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही माणसं काढता म्हणं. माझ्या लेकीचं काढून द्या. फोटू नाही तिचा एकबी."

लेक सहा वर्षांची होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, आदल्या दिवशीचे गणपती विसर्जन आटोपून गाव नुकतेच झोपले असताना, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि दगड-मातीच्या रुंद भिंतींवरची मणामणाच्या मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. त्या ढिगाऱ्यात माणसांबरोबर त्यांचे चेहरेही गेले, हे मला त्या दिवसापर्यंत उमगले नव्हते. ज्या घरांत लग्नाचा एखादा कृष्णधवल फोटो होता, तो भिंतीसह गाडला गेला. फोटो असलेले मतदार ओळखपत्र देण्याची योजनाही १९९३ सालीच सुरू झालेली, त्यामुळे त्या पहाटे गेलेल्या असंख्य माणसांची साधी सरकारदरबारची छबीसुद्धा कुठे उरलेली नाही.

मी बाईंना नाही म्हणणार होते. तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवताना मी कितीतरी चेहरे काढले होते, पण ते जयंती-पुण्यतिथीला लागणाऱ्या थोर नेत्यांचे. कॅलेंडरवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना मी तेच शिकवले. त्यात हात तयार होतो, हे खरे आहे. पण चौकट उतरवणारा माणूस समोरच्याकडे बघत नाही, तो रेघांकडे बघतो. बाईंच्या लेकीसाठी माझ्याजवळ चौकटच नव्हती.

तरीही मी त्यांना बसवले, चहा दिला आणि कपाळ कसे होते, डोळे कसे होते असे विचारायला लागले. त्या प्रत्येक प्रश्नाला "चांगले होते" एवढेच म्हणत. आई आपल्या लेकराचा चेहरा सुटा सुटा करून पाहत नसते, हे कळायला मला तासभर लागला. मग सहज विचारले, वेणी घालताना केस कसे वाटायचे. त्यांचे दोन्ही हात आपोआप वर आले आणि हवेतच तीन पेडांची वेणी घालू लागले. "केस राठ. भांग सरळ पडायचाच नाही, हितं भोवरा व्हता. अन् कान आड यायचे, बाहेर आलेले, माझ्या सासूसारखे." बाकीचे सगळे त्यांच्या हातांतून आले. तोंड धुताना हनुवटी किती मुठीत यायची, काजळ घालताना पापणी कशी फडफडायची, समोरचे दोन दात पडले होते म्हणून भाकरी कोणत्या बाजूने चावायची. डोळ्यांना विसर पडलेले सगळे त्या हातांनी चोवीस वर्षे सांभाळून ठेवले होते.

पुढच्या खेपेला त्या धाकट्या मुलाच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. नातीला समोर बसवून मी चारकोलने आखणी केली. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. त्या वयाच्या मुलाचे मात्र किंचित खाली असतात, कपाळ मोठे दिसते आणि नाकापासून हनुवटीपर्यंतचा भाग आखूड असतो. हे प्रमाण चुकले की लेकराच्या धडावर प्रौढाचे तोंड बसवल्यासारखे दिसते. कान सासूबाईंसारखे बाहेर काढले, दात नसल्यामुळे वरचा ओठ जरा आत घेतला. बाई पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही नातच आहे. ती नाही." मी पुसले, पुन्हा काढले. तिसऱ्या वेळी त्या खुर्चीवरून उठल्या आणि मला काही न विचारता त्यांनी उजव्या हाताचा अंगठा कागदावरच्या हनुवटीवर ठेवून डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवला. हनुवटीची रेघ पुसली जाऊन तिथे फक्त एक मऊ राखाडी सावली उरली, चेहरा खाली निमुळता झाला. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग काळा झालेला अंगठा पदराला न पुसता त्यांनी मुठीत धरला. मी विचारलेच नाही.

त्या अंगठ्याने केलेली सावली मी रंगातही तशीच ठेवली आहे.

त्यानंतर एकाने दुसऱ्याला सांगत माणसे येत गेली. भूकंपातली घरे आली, तशी शेतकरी आत्महत्येची घरेही आली. या घरांत फोटो असतो, पण तो बहुधा आधार कार्डाचा. वेबकॅमेऱ्यासमोर बसून, समोरून आलेल्या सपाट उजेडात काढलेल्या त्या फोटोत नाकाला उंची राहत नाही, डोळे अर्धवट मिटलेले असतात. त्याची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स केली की काळे-पांढरे डागच उरतात. अशा वेळी मी सख्ख्या भावाला किंवा थोरल्या मुलाला खिडकीजवळ बसवते आणि उजेड एका बाजूने घेते. नाकाचा दांडा आणि भुवईचे हाड रक्ताच्या नात्यात पुष्कळदा जुळते. ओठांची ठेवण मात्र ज्याची त्याची असते, तिथे घरच्यांच्या सांगण्यावरच चालावे लागते.

याच कामात माझी एक मोठी चूक झाली, ती इथे लिहिली पाहिजे. एका तरुण विधवेने नवऱ्याचे चित्र मागितले होते. नातेवाइकांपैकी कुणीतरी "जरा उजळ करा" म्हणाले आणि मी ऐकले. यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना या मातकट रंगांत पांढरा वाढवत गेले. चित्र न्यायला आलेली ती बाई बराच वेळ काही बोलली नाही, शेवटी हळूच म्हणाली, "मॅडम, हे आमचे न्हाईत. ते उन्हानं काळे पडले व्हते." आयुष्यभर कापसाच्या आणि तुरीच्या रानात राबलेल्या माणसाच्या अंगावरचे ऊन मी पुसून टाकले होते. त्याच्या कष्टाची तेवढीच एक खूण चेहऱ्यावर होती. मी तिची माफी मागितली आणि चित्र पहिल्यापासून केले.

दुसऱ्यांदा रंग कालवताना मला अजिंठ्याची सहल आठवली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राजवळच्या गर्दीत, सावळ्या आणि थेट काळ्या वर्णाची माणसे आहेत. त्यांतल्या एका स्त्रीला तर कृष्णवर्णी राजकन्या म्हणूनच लोक ओळखतात. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारांजवळ गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि बाहेरून आणलेला निळा, असे मोजकेच रंग होते. तरीही ते वर्ण उजळ करायच्या भानगडीत पडले नाहीत. काळा वर्ण काळाच ठेवून त्यांनी नाकाच्या शेंड्यावर, ओठावर, हनुवटीवर उजेडाचा एकेक बारीक स्पर्श दिला आणि तेवढ्याने चेहरे जिवंत केले. आमच्याच मुलखातल्या डोंगरात हे दीड हजार वर्षांपासून लिहून ठेवलेले असताना मी ते कॅलेंडरवर शोधत होते. आता सावळ्या कातडीच्या छायेत मी पांढरा घालत नाही, त्याने रंग राखेसारखा मरतो. बर्न्ट अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन निळा घालते आणि गालाच्या हाडावर, जिथे घाम चमकला असता तिथे, शेवटचा एकच उजळ फटकारा ठेवते. त्या बाईने दुसरे चित्र नेले. जाताना एवढेच सांगितले, "याला हार घालणार न्हाई मी."

या घरांकडून मी पैसे घेत नाही. पण फुकट दिलेली वस्तू घेणाऱ्याला खाली मान घालायला लावते, हे मी पाहिले आहे. म्हणून कुणी पायलीभर ज्वारी दिली, तुरीची डाळ दिली, तर आनंदाने घेते. एका घराने जवस दिले. तैलरंगात आम्ही जे लिन्सीड ऑइल वापरतो ते जवसाचेच तेल, हे सांगितल्यावर त्या घरच्या आजोबांना फार बरे वाटले. कधी कधी मी नकारही देते. चेहऱ्याची काहीच आठवण सांगणारे कुणी उरलेले नसेल तर मी मनाने चेहरा रचत नाही, कारण तो खोटा चेहरा पुढच्या पिढ्या खरा मानून हात जोडत राहतील.

लेकीचे चित्र नेलेल्या बाई अजून येतात. गेल्या वर्षी वेळ अमावस्येच्या, म्हणजे आमच्याकडच्या रानातल्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी त्या तांब्याभर आंबील आणि भज्जी घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना म्हटले की आता तुम्ही बसा, तुमचे चित्र काढायचे आहे. "माझं कशाला, बाई?" म्हणत त्या बराच वेळ टाळत राहिल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा करून खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि रानातल्या गोष्टी सांगू लागल्या. मी चारकोलने कपाळ घेतले, गालाची हाडे घेतली आणि खाली आले. हनुवटीची रेघ ओढायला गेले आणि हात थांबला. तिथे रेघ नव्हतीच. चेहरा निमुळता होत एका मऊ सावलीत संपत होता. मी चारकोल बाजूला ठेवला आणि अंगठ्याने ती सावली काढली.