लॅकर खाली, इनॅमल वर

प्लास्टिकच्या मॉडेलवर मारायच्या हम्ब्रोल इनॅमलची जुनी डबी उघडली की रंगावर साय धरलेली असते. तेवढ्याच जुन्या मिस्टर कलर लॅकरच्या बाटलीत रंग घट्ट होऊन बसलेला सापडेल, पण साय नसते. त्यात थेंब थेंब लॅकर थिनर घालून ढवळलं की तो पुन्हा वापरता येतो. हम्ब्रोलची साय मात्र टर्पेंटाइनमध्ये रात्रभर बुडवली तरी विरघळत नाही. ती काढून टाकायची आणि खालचा रंग चांगला असेल तर वापरायचा.

लॅकरमध्ये नुसतं सॉल्व्हंट उडून जातं आणि राळ मागे उरते, म्हणून थिनर पडला की ती केव्हाही परत विरघळते. इनॅमलमधलं सॉल्व्हंट उडाल्यावर त्यातल्या अल्किड राळेची हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया सुरू होते आणि ती चालते कित्येक दिवस. बोटाला रंग लागेनासा होणं आणि रंग पूर्ण पिकणं यांत म्हणूनच मोठं अंतर असतं. मॉडेल नाकाशी धरा. रंगाचा वास येत असेल तर तो अजून कच्चा आहे, कॅलेंडर काहीही म्हणो. ग्लॉस (चमकदार) इनॅमलला आठवडा सहज लागतो. लॅकरवर अर्ध्या तासात पुढचा हात मारता येतो आणि दुसऱ्या दिवशी बिनधास्त मास्किंग टेप लावता येते.

थरांचा क्रम यावरूनच ठरतो. इनॅमलचा थिनर (व्हाइट स्पिरिट, टर्पेंटाइन) सौम्य असतो, सुकलेल्या लॅकरला तो काही करत नाही. उलट केलंत, म्हणजे अर्धकच्च्या इनॅमलवर लॅकर मारला, तर त्याचं जहाल सॉल्व्हंट आत शिरतं, खालचा थर फुगतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या उठतात. मग खरवडून पुन्हा सुरुवात.

१/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं विमान घ्या. प्रायमर आणि कॅमोफ्लाज लॅकरमध्ये करायचं. मिस्टर कलर किंवा टामियाचा एलपी (त्यांचा लॅकर) रंग असेल तर १ भाग रंगाला १ ते २ भाग थिनर, एअरब्रशचा दाब १५ ते २० पीएसआय, नोझल ०.३ मिमी. इनॅमल एअरब्रशने मारायचा असेल तर १ ला १ पासून सुरुवात करून दुधाइतका पातळ करायचा. मॅट (बिनचमकीच्या) रंगात चमक मारणारी मॅटिंग पावडर तळाशी बसलेली असते, ती दोन मिनिटं नीट ढवळून वर आणल्याशिवाय रंग मॅट येत नाही. 'मॅट लिहिलंय आणि चमकतंय' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

टामियाच्या आकड्यांचा घोळ लक्षात ठेवा. एक्स आणि एक्सएफने सुरू होणारे तेच क्रमांक त्यांच्या ॲक्रिलिकलाही आहेत आणि इनॅमललाही. थिनर मात्र वेगळे: एक्स-२०ए ॲक्रिलिकचा, नुसता एक्स-२० इनॅमलचा. अदलाबदल झाली की एअरब्रशच्या कपात गुठळ्या होतात आणि तो उघडून साफ करत बसावं लागतं.

पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे लॅकर पांढरा पडतो. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर धरते. साध्या थिनरऐवजी मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर वापरा, त्यात रंग सावकाश सुकवणारा रिटार्डर असतोच. पांढरेपणा आलाच तर हवा कोरडी असताना तोच थिनर नुसता, अगदी हलक्या फवाऱ्याने मारा. बहुतेक वेळा रंग मूळपदावर येतो. मे महिन्याच्या उन्हाळ्यात उलटं होतं. रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यावरही उपाय लेव्हलिंग थिनरच, शिवाय एअरब्रश थोडा जवळ धरायचा.

आता वॉश, म्हणजे खाचा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत सोडायचा अगदी पातळ गडद रंग. इनॅमलची खरी जागा ही. कॅमोफ्लाजवर लॅकर ग्लॉस (टामियाचा एलपी-९ चालेल) मारून २४ तास थांबा. मग १ भाग गडद तपकिरी इनॅमलला ८ ते १० भाग थिनर करून बारीक ब्रशने पॅनल लाइनला (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेषेला) नुसतं टेकवा, रंग आपोआप रेषेत धावतो. २० ते ३० मिनिटांनी कापसाची काडी थिनरने किंचित ओली करा, टिश्यूवर टिपा आणि हवेच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे, पुसा. काडी चिंब असेल तर रेषेतला रंगही निघून येतो. ग्लॉस न देता मॅटवर वॉश टाकलात तर डाग मुरतो आणि पुसला जात नाही.

कॉकपिटमधली बटणं ब्रशने रंगवायलाही इनॅमलच बरा. तो सावकाश सुकतो, त्यामुळे ब्रशच्या रेघा आपोआप मिटतात आणि चूक झाली तरी खालच्या लॅकरला धक्का न लावता पुसता येते. लॅकर ब्रशने मारताना दुसरा हात पहिल्याला उचलतो.

रंग न दिलेल्या प्लास्टिकवर, विशेषतः ताण देऊन बसवलेल्या जोडांवर, इनॅमल वॉशचा पूर सोडू नका. पातळ थिनर फटीत शिरतो आणि ताणलेलं प्लास्टिक तडकतं. लँडिंग गिअरचे पाय असेच तुटतात. गंडम (जपानी रोबो) किटमधल्या एबीएस प्लास्टिकच्या भागांना हा धोका जास्तच.

शेवटचा मॅट लॅकर वॉशवरच येणार, म्हणजे क्रम मोडणारच. वॉश एक-दोन दिवस सुकू द्या आणि पहिले दोन फवारे इतके हलके मारा की पृष्ठभाग ओला दिसता कामा नये.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर एअरब्रश धुवायला उत्तम, पण रंगात घालू नका, तो प्लास्टिक खातो. धुतानाही एअरब्रशमधल्या साध्या रबरी ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या कड्या) त्यात भिजत ठेवल्या तर फुगतात. पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) असतील तर चिंता नाही. आणि लॅकर मारताना एन९५ मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीची काडतुसं लावलेला रेस्पिरेटर हवा, शिवाय बाहेर हवा फेकणारा पंखा.