दिवे लागल्यावरचे गाणे

सोलापुरात ज्यांनी एकपडदा चित्रपटगृहांत सिनेमे पाहिले आहेत, त्यांना शेवटच्या दोन मिनिटांचा क्रम पाठ असेल. नायक-नायिकेची भेट पुरती होण्याच्या आतच डोअरकीपर बाजूच्या दाराची कडी काढतो, जाड काळा पडदा दांडीवरून सर्रकन बाजूला होतो, बाहेरचे ऊन तिरपे होऊन पुढच्या चार रांगांवर पडते आणि लोक अंधारात काढून ठेवलेल्या चपला पायाने चाचपू लागतात. पडद्यावर त्यानंतर जे काही येते, ते प्रेक्षकांच्या पाठींवर पडते. मी त्याच सवयीत वाढलो. त्यामुळे चित्रपट संपल्यावर सुरू होणारे गाणे ऐकायचे असते, हे मला फार उशिरा कळले आणि तेही 'टेक दॅट' या इंग्लिश बॉयबँडच्या 'रूल द वर्ल्ड' या एका गाण्यामुळे.

हे गाणे 2007 सालच्या 'स्टारडस्ट' या चित्रपटासाठी केलेले आहे. नील गेमन यांच्या कादंबरीवरचा, मॅथ्यू वॉन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो घरच्या दूरचित्रवाणीवर. गावाच्या वेशीवरची भिंत ओलांडून एक तरुण आकाशातून पडलेली तारका आणायला जातो आणि पाहतो तर ती तारका म्हणजे एक चिडलेली, पाय दुखावलेली मुलगी असते, अशी ती कथा. आजीच्या गोष्टीत शोभेल असा हा प्रकार मला मनापासून आवडला होता. पण शेवट झाला, नामावळी सुरू झाली आणि वाहिनीने तत्काळ साबणाची जाहिरात लावली. डोअरकीपर निदान माणसे बाहेर जाईपर्यंत यंत्र चालू तरी ठेवतो.

दुसरी गाठ पडली ती 2012 च्या ऑगस्टमध्ये. लंडन ऑलिंपिकचा समारोप तिथे 12 तारखेच्या रात्री होता, म्हणजे आपल्याकडे 13 तारखेची पहाट. भारताचा ध्वज मेरी कोमच्या हाती असणार होता, तेवढे पाहून झोपावे असा बेत होता, पण एकदा बसलो की उठवत नाही. पहाटे चार वाजून गेल्यावर चार पुरुष साध्या उभ्या पवित्र्यात गाऊ लागले. तांब्याच्या 204 पाकळ्यांची ती ज्योत आता विझणार, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्या विझण्याला सोबत म्हणून हे गाणे ठेवलेले होते. तो श्रावणातला सोमवार होता. सिद्धेश्वराच्या दर्शनाला गर्दी होण्याआधी पोहोचायचे म्हणून आई उठली होती आणि देवघरासमोर परडीत बेलाची पाने निवडून ठेवत होती. तिने एकदा पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "भजन आहे का रे हे?" मी नाही म्हणालो. आज विचाराल तर मी एवढ्या ठामपणे नाही म्हणणार नाही.

हे त्याच चित्रपटाचे गाणे आहे, हे मला पुढे भाच्याने सांगितले. "मामा, तुम्ही पिक्चर बघितलाय म्हणता आणि गाणं माहीत नाही?" असे त्याने विचारले तेव्हा मी ओशाळलो आणि चित्रपट पुन्हा, या वेळी अगदी अखेरच्या ओळीपर्यंत, पाहिला.

तेव्हा ध्यानात आले की या गाण्याचे शब्द एरवी ऐकले तर प्रेमात पडलेल्या माणसाची नेहमीची बढाई वाटतात: तू माझे आकाश उजळतेस, आपण दोघे जगावर राज्य करू. आपल्या हिंदी गाण्यांत चंद्रतारे तोडून आणण्याचे वचन इतक्यांदा दिले गेले आहे की, आता त्याने कोणी दचकत नाही. पण या कथेत नायिका खरोखरच तारका आहे, आनंद झाला की तिच्या अंगातून प्रकाश फाकतो, आणि शेवटी ती दोघे खरोखरच राजा-राणी होतात, ऐंशी वर्षे राज्य करतात आणि मग आकाशात तारे होऊन राहतात. म्हणजे गीतात रूपक म्हणून जे म्हटले आहे, ते कथेत अक्षरशः घडून गेलेले असते. कथा घडून गेल्यावर गाणे येते, म्हणून त्याला काहीच समजावून सांगावे लागत नाही. हेच गाणे मध्यंतराआधी, दोघांना डोंगरावर उभे करून वाजवले असते, तर त्याचा निम्मा अर्थ सांडला असता.

आपल्याकडे चित्रपटगीत म्हणजे पात्राच्या ओठांवरचे गीत. ते प्रसंगात शिरते, प्रसंग पुढे नेते किंवा निदान अडवून तरी धरते. नामावळीवरच्या गाण्याला पात्र नसते, प्रसंग नसतो. त्याची जात मला आपल्या संगीत नाटकातल्या भरतवाक्याशी जुळणारी वाटते. नाटक संपलेले असते, राजा राजा राहिलेला नसतो, आणि तरीही रंगमंचावरून प्रेक्षकांसाठी शेवटचे काही गायचे असते. फरक एवढाच की भरतवाक्याला आपण बसून राहतो.

गाणाऱ्यांविषयीही सांगायला हवे. मँचेस्टरमध्ये 1990 साली जमवलेला हा पाच मुलांचा संच 1995 मध्ये रॉबी विल्यम्स बाहेर पडल्यावर चौघांचा झाला आणि 1996 मध्ये मोडला. तेव्हा इंग्लंडमध्ये रडणाऱ्या मुलींसाठी दूरध्वनीवर धीर देण्याची सोय करावी लागली होती, यावरून त्या वेडाची कल्पना यावी. चौघे पुन्हा एकत्र आले ते दहा वर्षांनी. 'रूल द वर्ल्ड' गायले तेव्हा गॅरी बार्लो 36 वर्षांचा आणि हॉवर्ड डोनाल्ड 39 वर्षांचा होता, त्यामुळे 'बॉयबँड' हा शब्द त्यांना आता मुंजीतल्या लंगोटीइतकाच होत होता. गाण्यातला समजूतदारपणा बहुधा त्या वयाचाच आहे. विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. वर लिओना लुईसचे 'ब्लीडिंग लव्ह' सात आठवडे ठाण मांडून बसले होते. मला त्याचे वाईट वाटत नाही. दुसरे राहूनही ते ऑलिंपिकच्या ज्योतीपर्यंत पोहोचले.

बार्लो सुरुवात करतो ती जवळजवळ बोलल्यासारखी, खालच्या आवाजात. ध्रुपदाला बाकीचे तिघे येऊन मिळतात, तंतुवाद्यांचा ताफा मागून वर चढतो आणि उत्तरार्धात, आकाशात तारे निघत असल्याच्या त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीवर, एकट्याचा आवाज कोणता आणि मेळ्याचा कोणता हे वेगळे काढता येत नाही. आमच्या गल्लीत भजनी मंडळ अखेरच्या अभंगाला असेच एकजीव होते. आईने त्या पहाटे उगाच विचारले नव्हते.

परवा रात्री मी चित्रपट पुन्हा लावला होता. नामावळी वर सरकू लागली, गाणे सुरू झाले आणि मी आवाज थोडा वाढवला. आतून आईचा आवाज आला, "संपलं की रे पिक्चर, बंद कर की आता."

"पाच मिनिटं, आई," मी म्हणालो.


ती बाहेर आली, दिवा लावण्यासाठी बटणापर्यंत हात नेला, आणि मग तशीच खुर्चीवर टेकली.