आमची वाटचाल : १६ मीटर

आमच्या परमिट रूमच्या बोर्डावर आईचं नाव आहे, आईला ते शेवटपर्यंत आवडलं नाही. कऱ्हाडच्या विद्यानगरात मात्र ते नाव कुणी घेतच नाही. पोरं आम्हाला ‘वर्कशॉप’ म्हणतात. घरून फोन आला की “वर्कशॉपला आहे” म्हणून सांगता येतं, आणि ते खोटंही ठरत नाही.

१९९१ साली वडिलांच्या खानावळीच्या निम्म्या जागेत परमिट रूम काढली. इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं, आजूबाजूला बाकीची कॉलेजं. पोरांना तोटा नव्हता, तोटा होता वयाचा. आपल्याकडं बिअरला २१, कडक दारूला २५. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं पोरगं आलं की त्याच्यापुढं थम्सअप आणि खर्डा भुर्जी, विषय संपला. यावरून शिव्या खूप खाल्ल्या. पण त्यातनंच एकविसाव्याची प्रथा पडली. वाढदिवसाला पोरगं ड्रायव्हिंग लायसन काउंटरवर आपटतं, मी चष्मा पुसून तारीख मोठ्यानं वाचतो, मागची टोळी टेबलं बडवते, आणि पहिली बिअर रूममेटच्या खिशातनं येते. माझ्याकडनं नाही. फुकट द्यायला लागलो असतो तर निम्म्या कऱ्हाडचा वाढदिवस आमच्याकडं झाला असता.

दुसरी प्रथा ड्राफ्टरची. इंजिनिअरिंगवाल्यांना सांगायला नको, मिनी ड्राफ्टर, म्हणजे शीटवर रेघा आखायचं अवजार, पहिल्या वर्षी ग्राफिक्सला घ्यायचा आणि नंतर तीन वर्षं कॉटखाली धूळ खात ठेवायचा. शेवटचा व्हायवा झाला की प्रत्येक बॅचचा एक ड्राफ्टर आमच्या भिंतीवर चढतो. कुणाचा, ते पोरं ठरवतात. बहुतेक वेळा ज्याचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, सगळ्यात शेवटी सुटला त्याचा. आणि सबमिशनच्या आठवड्यात आमच्या चार नंबरच्या टेबलाची काच हॉस्टेलवर जायची. खाली बल्ब, वर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, रात्रभर जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काच परत यायची तेव्हा तिच्यावर पेन्सिलीचं काळं आणि चहाचे गोल. ते गोल आमच्या वेटरला घासून काढावे लागत, म्हणून तो त्या आठवड्यात कुणाशी बोलत नसे.

काउंटरवरचा दारू मोजायचा पितळी मेजर पहिल्या दिवसापासून तोच. एका बाजूनं ३० मिली, उलटा केला की ६०. अंगठा लागून लागून कंबरेजवळ त्याचा रंग गेलाय. नव्यानं धंद्यात पडणाऱ्यांना एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. नवा पोरगा ठेवला की त्याला महिनाभर पाण्यानं ओतायला शिकवा, बाटलीला हात लावू देऊ नका. आणि परवाना कुणाला चालवायला देऊ नका. सख्ख्या भावालासुद्धा. कागदावर नाव तुमचं असतं, आणि उत्पादन शुल्क खात्याचा माणूस नाव बघून येतो.

पुढची पंचवीस वर्षं धंदा चालला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

१५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला : राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नाही, १ एप्रिल २०१७ पासून. मला वाटलं हे दुकानांपुरतं, बसून पिणाऱ्यांचं काय त्यात. ३१ मार्चला कळलं की आम्हीपण त्यात. त्याच दिवशी कोर्टानं एक सवलत दिली, २० हजार लोकवस्तीच्या आतल्या गावांना ५०० ऐवजी २२० मीटर. आमची ग्रामपंचायत त्यात बसत होती. विटा रोड आमच्यापासून किती लांब, हे मात्र तोवर कुणी मोजलंच नव्हतं.

इथं मोजणीकाकांबद्दल सांगायला पाहिजे. भूमी अभिलेखमधनं रिटायर झालेले. रोज रात्री साडेआठला, एक नाइंटी (९० मिली दारू), एक उकडलेलं अंडं, वर काळं मीठ. २ एप्रिलला सकाळी ते घरची जुनी साखळी घेऊन आले. ३३ फुटांची, १६ आण्यांची, गुंठे मोजायची. मी एक टोक धरलं, काकांनी दुसरं, आणि रोडच्या कडेपासून आमच्या दारापर्यंत भर उन्हात निघालो. येणारीजाणारी विचारत होती, जमीन विकताय का. २२० मीटर म्हणजे २१ साखळ्या १४ आणे. आमचं भरलं २० साखळ्या ५ आणे. काकांनी परत मोजलं. तेवढंच. कमी पडले १६ मीटर. आमचं दार मागच्या भिंतीला असतं तरी भागलं नसतं, तेही मोजून झालं.

माल सील झाला. जुलैत कोर्टानं खुलासा केला की नगरपालिकेच्या हद्दीतल्यांना हे लागू नाही. झालं, पुलापलीकडचा बारवाला हद्दीत, तो उघडला. मी त्याचं नाव घेणार नाही, त्याला वाचायची सवय नाही म्हणून बरं. त्यानं आधी आमचा आचारी नेला. आचाऱ्याला दोष देत नाही, त्याला दोन लेकरं. पण महिन्याभरात तिकडच्या मेनूकार्डावर ‘वर्कशॉप खर्डा भुर्जी’ आली. खर्डा माझ्या बायकोचा. तो बारवाला पोरांना सांगायचा, “आण्णांचं आता काय उघडत नाही.” आणि लायसन बघायचा नाही. तारीख न वाचता एकविसावा करायचा म्हणजे मंगलाष्टकं न म्हणता लग्न लावायचं.

आम्ही परत खानावळ चालवली. व्हिजी कूलर, म्हणजे काचेच्या दाराचा फ्रिज, विकला, पाटल्या गहाण पडल्या. काका रोज साडेआठला येत होते. लिंबू सोडा, अंडं, काळं मीठ. जाताना नाइंटीचे पैसे ठेवायचे. मी परत द्यायचो, ते न बोलता खिशात टाकायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच.

फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टानं ग्रामपंचायतींचा निर्णय राज्यांवर सोपवला, तेव्हा कुठं फाइल हलली. फेऱ्या किती मारल्या ते लिहीत नाही, चपला मोजल्या होत्या, तीन जोड. जूनच्या शेवटी उघडलो. बंद होतो ते पंधरा महिने. पहिली नाइंटी काकांची. हात थरथरत होता, तरी मेजर भरला आणि ओतला. काकांनी ग्लास ट्यूबलाइटकडं धरला, एक डोळा मिटला.

“दोन मिली कमी आहे.”

नंतर कोविड आला, बंद झालो, उघडलो. ते सगळ्यांचंच झालं.

ड्राफ्टरच्या भिंतीवर दोन खिळे मोकळे आहेत. २०१७ च्या बॅचचा व्हायवा झाला तेव्हा सगळाच रोड कोरडा होता, त्यांचा कुठंच लागला नाही. २०१८ चा पुलापलीकडं टांगलाय. मी जाऊन बघितलेला नाही, पोरं सांगतात. क्लॅम्पचा स्क्रू गेलाय म्हणे, आणि त्यानं तो सुतळीनं बांधलाय.