तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. श्रीवर्धनच्या बँकेत, एसटीत शेजारच्या सीटवर, पनवेलला भाड्याचं घर बघताना, माझं नाव कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, म्हणूनच तो जास्त लागतो.

आमचं आडनाव देशमुख, घरातली बोली कोकणी. अब्बा मुंबईत एका छापखान्यात मराठी पुस्तकांची प्रूफं तपासायचे. चाळीतली पोरं निबंध त्यांच्याकडून तपासून न्यायची. त्यांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993च्या दंगली आल्या. श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले. आमच्या घरातलं कुणी त्यात नव्हतं. एका रात्री अब्बांनी सुरीच्या टोकाने दारावरच्या पाटीचे स्क्रू काढले. रंगाऱ्याने 'देशमूख' लिहिलं होतं. अब्बांनी ब्लेडने खरवडून ऱ्हस्व केलेला 'मु' त्या पाटीवर होता. शेजारच्या काकूंनी रिकाम्या जागी गणपतीचं कॅलेंडर टांगलं. चार दिवसांनी आम्ही गावी आलो ते कायमचे. खोली मिळेल त्या भावाला गेली.

गावातही निवांतपणा मिळाला नाही. 12 मार्चच्या बॉम्बस्फोटांत मुंबईत 257 माणसं गेली, आणि आरडीएक्स आमच्याच किनाऱ्यावर, शेखाडीला उतरवल्याचं उघड झालं. पुढे कोर्टाने गुन्हेगारांना शिक्षा दिली, माल सोडणाऱ्या कस्टम्सच्या आणि पोलिसांच्या माणसांनाही दिली. संशय मात्र गावागावांतल्या आमच्या नावांवर राहिला.

दंगलीत मेलेल्यांची गणती झाली. मोडलेल्या शेजारांची कुणी केली? कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला गेली, कितीतरी कोकणात परतली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांनी एकमेकांना बोलताना ऐकलंच नाही. हा प्रश्न तिथून आला, असं मला मनापासून वाटतं.

मागच्या मे महिन्यात काकूंचा मुलगा दिवेआगरला सहकुटुंब आला होता. वाट वाकडी करून आमच्याकडे आला, तांदळाची भाकरी खाल्ली, अब्बांच्या लाल पेन्सिलीची आठवण काढून रडला. त्याची कॉलेजात जाणारी मुलगी माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, "आत्या, तुमचं मराठी किती छान आहे! कुठे शिकलात?"

तो ताटावरून उठला आणि हात धुवायला मागच्या दारी गेला. बराच वेळ आत आला नाही.